लाकूडतोडीची हत्यारे आणि त्यांच्या प्रतिकृती



आजचा विषय फलकावर लागल्यापासून ओळखीच्या चार माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने महागाई भत्ता आणि ग्रॅच्युइटी सोडून चिमुकल्या करवती आणि बैलगाड्या यांवर बोलावे, याचा अर्थ काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नाही. तासाभराने ते आपल्या हाती पडेल अशी उमेद ठेवून सुरुवात करतो.

प्रथम माझा अधिकार किती, ते सांगितले पाहिजे. माझे शालेय शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावरच थांबले. पुढचे वाचन झाले ते कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात. ही संस्था १८६४ सालची. माझ्यासारख्या कितीजणांना तिने कॉलेजची उणीव भासू दिली नाही, याची मोजदाद कोणी केलेली नाही. अठराव्या वर्षी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटीतील एका ओतशाळेत पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. बिडाचा कोणताही भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी पॅटर्न करावा लागतो. तो वाळूत दाबला की साचा तयार होतो. बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी मिस्त्रींची मोजपट्टीच निराळी असे. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित लांब. ती पट्टी प्रथम हाती घेतली तेव्हा मला वाटले की ही खोटी आहे. मिस्त्री म्हणाले, "पट्टी खरीच आहे. कशासाठी मोजतोस ते आधी ठरव." प्रमाण म्हणजे काय, याचा माझा पहिला धडा तो.

प्रतिकृती आणि खेळणे यांतला फरक हाच. सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले मिरवतात ते लाकडी बैल, यांत आकार असतो, रंग असतो, पण माप नसते. असावे अशी अपेक्षाही नसते. प्रतिकृतीत मात्र एकदा 'बारास एक' हे प्रमाण धरले, म्हणजे फुटाचा इंच झाला, की मग चाक, आस, जू, दोर, खिळा, सगळ्यांनी तो नियम पाळला पाहिजे. एका ठिकाणी सवलत घेतली की जाणता डोळा ती पकडतोच.

लाकूडतोडीच्या साधनांच्या प्रतिकृती करण्याचा छंद अमेरिकेत आणि कॅनडात पुष्कळ वाढला आहे. तेथील जंगलांत ओझे ओढण्याचे काम वाफेने केले. कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बियर याने १८८१ च्या सुमारास जे वाफेचे इंजिन तयार केले, ते जागेवर उभे राहून दोराने ओंडके खेचून आणी. त्याला तिकडे 'डाँकी' म्हणतात. त्याच वर्षी एफ्राइम शे याने जंगलातल्या चढउतारांवर चालणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचे पेटंट घेतले. आज त्या देशांत निवृत्त माणसे वर्षानुवर्षे खपून या यंत्रांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात. कड्या, कप्प्या, एवढेच काय, पण लोखंडावरचा गंजसुद्धा दाखवतात. आपल्या देशात कोचीन संस्थानची जंगल ट्रामवे १९०७ ते १९६३ पर्यंत चालली. तिची लांबी सुमारे ८० किलोमीटर होती, आणि डोंगरउतारावर खाली येणारे भरलेले डबे रिकाम्या डब्यांना वर ओढून घेत. अशा यंत्रांची प्रतिकृती करणे कठीण असले तरी सोपे आहे, कारण त्यांचे नकाशे कागदावर असतात.

आपल्या ठाणे जिल्ह्यात मुख्यतः बैलांनी आणि माणसांनी ओझे ओढले. बैलांचे आणि माणसांचे नकाशे कुणी काढून ठेवलेले नाहीत. आपली अडचण तेथून सुरू होते.

ही लाकूडतोड काही लहान नव्हती. कल्याण-भिवंडी १६५७ साली शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आली आणि या खाडीत स्वराज्याची जहाजे बांधली जाऊ लागली. रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली येथे काम चालले होते, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊकच आहे. जहाजे बांधण्यास येथील खाडी सोयीची होतीच, पण खाडीच्या पाठीशी मुरबाड-शहापूरचे सागाचे रान होते, हेही तितकेच महत्त्वाचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोठून आणि कसे घ्यावे याचा विचार केलेला आहे. रानातले साग परवानगीने तोडावेत, पण रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसांना बळजबरीने हात लावू नये, असा त्याचा आशय. झाड तोडताना ते कोणाच्या घामावर वाढले हे पाहावे, हा विचार आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी लेखी स्वरूपात होता, एवढे येथे लक्षात ठेवू.

पुढे इंग्रजी अमलात मुंबई वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणपर्यंत आली. घरांना तुळया, खाडीतल्या गलबतांना फळ्या, शहराला जळण आणि कोळसा, अशी चारी बाजूंनी मागणी आली. रानातून बैलगाडीने खाडीकाठी, खाडीकाठच्या वखारीतून मचव्याने मुंबईला, असा तो रस्ता होता. साग पाण्यावर सोडून का नेत नसत, असे कोणी विचारील. ओला साग जड असतो, तो नीट तरंगत नाही. ब्रह्मदेशात म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते दोन-तीन वर्षे उभ्याउभ्याच वाळवीत, आणि मग नदीत सोडीत. आपल्याकडे गाडीवाट आणि बंदर जवळ. त्यामुळे ओझे बैलाच्या मानेवर पडले.

आता हत्यारे पाहू. यादी आखूड आहे. तोडीला कुऱ्हाड, ओंडका चौकोनी करायला वाकस, हलवायला पहार आणि सोल, वाहायला गाडी, आणि वखारीत फळ्या पाडायला करवत. लांब ओंडक्यासाठी गाडीचा साटा काढून ठेवीत आणि ओंडक्याचे जड टोक आसाला बांधीत. दुसरे टोक मागे घसटत येई. अशा गाडीची प्रतिकृती करताना चाकात तुंबा, आरे आणि धाव ही तिन्ही वेगवेगळी करून बसवावी लागतात. खऱ्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. निवताना ती आकसते आणि सारे चाक आवळून धरते. चार इंची चाकावर हे साधत नाही. पितळेची पट्टी डिंकाने चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही.

लाकडाचीही एक गंमत आहे. सागाची गाडी म्हणून प्रतिकृतीही सागाचीच करावी, असे नवशिक्याला वाटते. मीही पहिली तशीच केली. पण लाकडाच्या रेषा काही प्रमाणात लहान होत नाहीत. बोटभर दांड्यावर सागाची ठळक रेषा आली की ती खऱ्या गाडीवर वीतभर रुंदीची दिसेल. म्हणून बारीक पोताचे लाकूड शोधावे लागते. आपल्या रानातला हेदू किंवा काळा कुडा त्याला उत्तम. सागाची गाडी खरी दिसावी म्हणून ती सागाची करायची नाही!

सर्वांत अवघड निघाली करवत. ती माझ्या घरातली गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, १९५८ साली मुरबाड तालुक्यातून कल्याणला आले आणि खाडीकाठच्या एका वखारीत करवत्या म्हणून लागले. हाताने फळ्या पाडण्याची रीत आज पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत. ओंडका लाकडी घोडीवर उंच चढवायचा. काव लावलेली दोरी ताणून त्यावर रेघ उमटवायची. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. मधे पाच-साडेपाच फुटांची उभी करवत. वरचा रेघ सांभाळतो आणि करवत वर उचलतो. खालचा ती ओढतो. दात असे पाडलेले असतात की करवत खाली येताना कापते. म्हणजे रेघ वरच्याची, आणि काप खालच्याच्या जोरावर. नाना सतरा वर्षे खाली होते.

२०११ साली मी या करवतीची प्रतिकृती करावयास घेतली. बारास एक या प्रमाणात पाच फुटांचे पाते पाच इंचांचे होते. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची कमान मिळवली, तापवून मऊ केली आणि बारीक कानशीने दात पाडले. पाऊण इंचाचा दात इंचाच्या सोळाव्या भागाचा झाला. दात आलटून पालटून डावीउजवीकडे वाकवावे लागतात, नाहीतर पाते कापात अडकते. तेही भिंगाखाली केले. पात्याची जाडी मात्र प्रमाणात आणता आली नाही. आणली असती तर पाते कागदासारखे झाले असते. ही एक सवलत मी घेतली आहे आणि ती कबूल करतो.

काम झाल्यावर मी ते नानांपुढे ठेवले. त्यांनी बराच वेळ न्याहाळले. मग म्हणाले, "वरचा बरा उभा केलायस. खालचा हा असा ताठ कसा रे?" मी खालच्या माणसाला सरळ समोर पाहत उभा केला होता. नाना उठले, भिंतीशी गेले आणि हात वर करून उभे राहिले. मान एका खांद्यावर कललेली, डोळे जवळजवळ मिटलेले, तोंड घट्ट बंद. त्र्याहत्तराव्या वर्षी तो सारा पवित्रा त्यांच्या अंगात जसाच्या तसा होता. मान कलती का, ते मला विचारावे लागले नाही. वरून भुसा पडतो.

मी मोजपट्टी घेतली. त्यांच्या टाचेपासून मुठीपर्यंतचे अंतर, दोन मुठींमधले अंतर, खांद्याची उंची, सगळे टिपून घेतले. घोडीची उंची किती असे, हे मला कोठल्याही पुस्तकात सापडले नव्हते. ती आता सापडली. ती नानांच्या उंचीवरून ठरलेली होती.

मित्रहो, हिशेबाकडे आपण येथे वळतो, आणि माझ्या व्याख्यानाचा गाभाही हाच आहे. प्रतिकृतीत लांबी बारा पटींनी कमी होते, रुंदी बारा पटींनी, उंचीही बारा पटींनी. म्हणून घनफळ आणि वजन कमी होते ते बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पटींनी. बारा फूट लांब आणि दीड फूट चौरस असा सागाचा ओंडका घ्या. तो २७ घनफूट भरतो. वाळलेल्या सागाचा एक घनफूट सुमारे १८ किलोंचा धरला, तर ओंडका ४८६ किलोंचा. ओला असेल तर आणखी जड. त्याची प्रतिकृती मात्र अवघ्या २८० ग्रॅमची. माझी पुतणी ती दोन बोटांनी उचलते आणि म्हणते, "काका, हे तर हलकेच आहे!"

प्रतिकृती डोळ्याला सगळे खरे सांगते आणि हाताला मात्र फसवते. आकार, सांधा, दोराचा पीळ, बैलाच्या मानेवरचा घट्टा, सगळे तीत येते. वजन तेवढे येत नाही. आणि लाकूडतोडीच्या इतिहासात मुख्य गोष्ट वजन हीच आहे.

भुशाचाही हिशेब करून पाहू. त्या ओंडक्याचा एक काप म्हणजे बारा फूट गुणिले दीड फूट, १८ चौरस फूट. दात वाकवल्यामुळे कापाची रुंदी इंचाचा सहावा भाग धरली, तर प्रत्येक कापात पाव घनफूट लाकडाचा भुसा होतो. नानांची जोडी दिवसाला सरासरी चार काप करी. म्हणजे रोज एक घनफूट, १८ किलो साग, पीठ होऊन खालच्या माणसाच्या अंगावरून जमिनीवर पडत असे. त्यातला किती नाकातोंडात गेला ते कोण मोजणार? लाकडाच्या भुशाने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले. नाना त्याआधी वीस वर्षे करवतीखालून बाहेर आले होते, पण खोकला त्यांच्याबरोबर आला. त्यांना उपरण्याखेरीज दुसरे काही तोंडाला बांधायला कधी मिळाले नाही.

मजुरी कापाच्या चौरस फुटांवर मिळे, आणि त्या वखारीत वरच्याचा वाटा मोठा असे. कायद्याचे संरक्षण? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेविना चालणाऱ्या जागी २० कामगार असतील तरच ती जागा कारखाना ठरे. वीज असेल तर १० पुरेसे होत. त्या वखारीत चौदा माणसे होती. जोवर ती हाताने करवतत होती तोवर कायद्याच्या दृष्टीने तो कारखाना नव्हता. १९७५ मध्ये विजेची बँडसॉ बसली आणि चौदांच्या चौदा माणसे कारखान्यात आली. अंगमेहनत कमी झाली तेव्हा कायद्याला ती दिसू लागली.

वखारीपर्यंत लाकूड पोचवणाऱ्यांची स्थिती याहून कठीण होती. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर या जिल्ह्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरही निर्बंध आले. ठाणे-कुलाब्यातील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १९३९ साली सिमिंग्टन यांच्या अहवालात आदिवासींची वेठ आणि सावकारी सरकारी कागदावर नोंदली गेली. आणि मग १९४५ आले. त्या वर्षीच्या जानेवारीत किसान सभेचे अधिवेशन भरले ते आपल्या कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्यास. तेथे आलेल्या थोड्या वारल्यांनी जे ऐकले ते आपल्या पाड्यांवर नेले. मे महिन्यात झरी येथे परिषद झाली आणि वेठ झुगारण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाचजण मृत्युमुखी पडले; त्यांत जेठ्या गांगड होता. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या संपात मागणी होती, दिवसाला किमान सव्वा रुपया. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ आहे. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. झरी आणि तलवाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली; परंतु तो इतिहास काही जिल्ह्याबरोबर विभागला गेलेला नाही.

तो सव्वा रुपया कशाचा होता? आमच्या संघटनेतले तरुण विचारतात, तेव्हा मी त्यांना आकडे सांगत नाही. गाडीची प्रतिकृती पुढे ठेवतो. ओंडका आसाखाली कसा बांधतात, पहार कोठे लावतात, पहार निसटली तर पाय कोठे सापडतो, हे त्यात दिसते. एवढे समजल्यावर सव्वा रुपया फार होता की थोडा, याचे उत्तर ते स्वतःच देतात.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतले वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १८७२ साली ते लोकांना खुले झाले. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, आणि दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. तेथे नाना धंद्यांतल्या कारागिरांच्या छोट्या प्रतिकृती आहेत, आपापल्या कामात गढलेल्या. लहानपणी नानांनी मला तेथे नेले होते. मी काचेला नाक लावून उभा होतो. त्या प्रतिकृतींचे कौशल्य वादातीत आहे. ज्यांनी त्या केल्या त्यांनी कारागिराच्या बोटांकडे नीट पाहिले होते, यात शंका नाही. पण त्या काळचा हेतू या प्रांतात कोणता माल आणि कोणती कला आहे हे दाखवण्याचा होता. कारागिराला त्या दिवशी काय मिळाले, हे त्या काचेच्या कपाटात नाही. त्यांनी ते ठेवले नाही म्हणून मी दोष देत नाही. आपण ते ठेवू शकतो, एवढेच म्हणतो.

आता माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. मंजूर योजनेशिवाय जंगलतोड थांबली, आणि केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलात चालणाऱ्या करवतगिरण्याही थांबल्या. रानांच्या दृष्टीने तो आदेश आवश्यक होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण लाकडाची आवक बदलली, परदेशी ओंडक्यांचा व्यापार मोठ्या बंदरांकडे गेला, खाडीकाठच्या जागांना सोन्याचा भाव आला, आणि १९९८ मध्ये नानांची वखार बंद झाली. त्या वेळी तेथे अकरा कामगार होते. वाटाघाटी मी केल्या. दोन महिने भांडून प्रत्येकाची ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई वसूल केली. सभा झाली, हारतुरे झाले.

कराराला सामानाची यादी जोडलेली होती. बँडसॉ, मोटार, काटा, टेबल, खुर्च्या. शेवटची नोंद होती, 'जुनी लोखंडी पाती, भंगार, वजनावर.' माळ्यावर ठेवलेल्या नऊ करवती त्या. मी यादीवर सही केली. त्यांपैकी एक नानांची होती. सतरा वर्षे दर आठवड्याला कानस घासून तिचे दात त्यांनी धारेवर ठेवले होते, इतके की पाते मूळ रुंदीच्या दोन-तृतीयांश उरले होते. ती करवत भंगारवाल्याच्या काट्यावर इतर आठांबरोबर मोजली गेली. नाना तेथे उभे होते. काही बोलले नाहीत. मला तर त्या दिवशी त्यात बोलण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही. मी पैशाचा हिशेब चोख केला होता.

तेरा वर्षांनी प्रतिकृती करायला बसलो, तेव्हा मोजायला एक करवत मिळेना. कल्याण, भिवंडी, ठाणे येथल्या जुन्या वखारी फिरलो. ज्या होत्या त्यांत प्लायवूड होते. अखेर नानांच्या शरीराचे माप घेऊन मी करवतीचे माप काढले. ते आणखी पाच वर्षे होते, म्हणून हे जमले. नसते तर माझ्याकडे 'वजनावर' एवढा एकच शब्द उरला असता.

आम्ही संघटनेची माणसे मागणीपत्रे जपून ठेवतो, झेंडे जपतो, करार फायलीत लावतो. ते केलेच पाहिजे. पण ज्या हत्याराच्या मुठीवर तो कामगार आयुष्यभर हात ठेवून होता, ते आम्ही मालकाची मालमत्ता समजून सोडून दिले. कायद्याने ते मालकाचेच होते. पण त्या मुठीवर पडलेला खळगा मालकाच्या हाताने पडलेला नव्हता.

माझी तिसरी प्रतिकृती नानांनी पाहिली आणि मान डोलावली. खालच्या माणसाची मान आता कलती आहे. त्याच्या पायाशी मी खरा सागाचा भुसा टाकला आहे, आणि एका फळीवर दोघांचे वाटे लिहिले आहेत. ही प्रतिकृती शाळांत नेतो, तेव्हा तिच्याशेजारी आणखी एक वस्तू ठेवतो. ती प्रतिकृती नाही. सागाचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा खरा ठोकळा आहे, १८ किलोंचा. मुले आधी छोटा ओंडका उचलतात आणि हसतात. मग मी त्यांना ठोकळ्याला हात लावायला सांगतो. दोघेतिघे मिळून तो कसाबसा हलवतात. तेव्हा मी सांगतो, की असे सत्तावीस ठोकळे म्हणजे तो छोटा ओंडका. आणि असा एक ठोकळा रोज भुसा होऊन या माणसाच्या डोक्यावर पडत असे. यापुढे मला व्याख्यान द्यावे लागत नाही.

शेवटी एक विनंती करून आपली रजा घेतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथल्या किती घरांच्या माळ्यावर आजोबांचे रंधे, वाकस, कानशी, हातमागाचे धोटे, ओतकामाची पळी, जुळाऱ्याचे खिळे पडलेले असतील! घर पुनर्बांधणीला निघाले की ते रस्त्यावर येतात. सगळे जपून ठेवा असे मी म्हणत नाही. आपल्या घरांत तेवढी जागा नाही, हे मला ठाऊक आहे. पण टाकण्याआधी ते मोजा. लांबी, रुंदी, जाडी आणि वजन एका वहीत लिहा. ज्याने ते वापरले तो माणूस घरात असेल तर त्याला ते हातात देऊन उभे करा, आणि मूठ जमिनीपासून किती उंच येते तेही लिहा. त्याला दिवसाला काय मिळे, ते विचारा. हे काम एका संध्याकाळचे आहे. ती वही आपल्या गावच्या वाचनालयात द्या. पुढे कोणाला प्रतिकृती करावीशी वाटली, तर त्याला माझ्यासारखे भिंतीशी उभ्या केलेल्या म्हाताऱ्या माणसावर अवलंबून राहावे लागणार नाही.

ठोकळा आज बरोबर आणला आहे. दाराशी ठेवला आहे. जाता जाता ज्याला उचलून पाहायचा असेल त्याने अवश्य पाहावा. मात्र कंबर सांभाळून.